ऐनावरची लाल चिठ्ठी

फुलावरून आमरी ओळखण्यात काही विशेष नाही, असं माझं ठाम मत होतं. आमरी म्हणजे रानातलं ऑर्किड. फूल समोर असलं की कुणीही पुस्तक उघडून चित्र जुळवतो. खरी ओळख पानावरून पटवायची, तीही फूल यायच्या कितीतरी आधी, भर उन्हात झाडाखाली उभं राहून, मान अवघडेपर्यंत वर बघत. हे मत मी कुणी विचारलं नसतानाही सगळ्यांना सांगत असे. ऐकणारे बहुतेक वेळा दुसरीकडे बघत असत, पण त्याचं मला काही वाटत नसे.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये काम करते. आलेला माल तपासायचा आणि पास किंवा नापास करायचा, हा माझा धंदा. तपासणी चालू असलेल्या पिंपाला पिवळी चिठ्ठी, पास झालेल्याला हिरवी आणि नापास झालेल्याला लाल. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाची नजर तशीच होऊन बसते. घरात आलेली भाजीही मी त्याच नजरेने बघते आणि पाहुणेही, असं माझा नवरा एकदा म्हणाला होता. तो बँकेत आहे. एकूण तो फार कमी बोलतो, त्यामुळे जे बोलतो ते लक्षात राहतं.

आमरीचा नाद मला वरंधच्या घाटात लागला. कारखान्यातल्या मैत्रिणींबरोबर गेले होते. त्या सगळ्या धबधब्यापुढे फोटो काढत होत्या आणि मी भजी खात एका झाडाच्या बुंध्याकडे बघत बसले होते. बुंध्यावर चामड्यासारख्या जाड पानांचा एक झुबका होता. माती नाही, कुंडी नाही, कुणी पाणी घालायला नाही, तरी हा आपला मजेत. मी फोटो काढला आणि अशा हौशी लोकांच्या एका ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, "फूल आल्यावर टाका." दुसरा टाकला. पुन्हा तेच. आमच्याकडे एखादं पिंप आलं आणि मी म्हटलं की याची गोळी बनल्यावर सांगते, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. मला त्या लोकांचा भयंकर राग आला.

मग मी वही केली. पान किती जाड, मधून पन्हळीसारखं किती खोल, टोकाला खाच सरळ की तिरपी, मुळं बोटाएवढी की सुतळीएवढी. सुट्टीच्या दिवशी पोलादपूरच्या बाजूची रानं पालथी घातली. पुढच्या दोन-तीन वर्षांत ग्रुपवरचे लोक पानांचे फोटो मलाच पाठवायला लागले. माझं बहुतेक वेळा बरोबर यायचं. चुकलंच, तर त्या झाडाला फूलच वेडंवाकडं आलंय असं मी म्हणायचे. फक्त एका जातीबद्दल मी कुठेही अवाक्षर काढत नसे. ती जमिनीतून येते, तिचं फूल आधी उमलतं आणि ते सुकून गेल्यावर पान वर येतं. असल्या आगाऊ झाडाचा आपल्या शास्त्राशी काही संबंध नाही असं मी ठरवून टाकलं होतं, आणि ते सासऱ्यांच्या कानावर जाऊ नये याची विशेष काळजी घेत होते.

सासरे म्हणजे अण्णा. आमचं सासरचं घर कापडे गावात आहे. घरामागे आंबा, पुढे भाताची खाचरं आणि बांधांवर ऐनाची झाडं. अण्णांना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही. खूष झालेलंही नाही. लग्नाला दहा वर्षं झाली, पण त्यांनी माझ्या एकाही गोष्टीला "बरोबर" म्हटलं नव्हतं. चूकही म्हटलं नव्हतं, हे जास्त झोंबायचं. दर जुलैत मी दोन दिवस रजा काढून भाताच्या लावणीला जाते. माझी ओळ नागमोडी होते, हे मलाही दिसतं. अण्णा ती बघतात, "बरं" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ सरळ झालेली असते. यावर आमच्यात कधीच बोलणं झालेलं नाही. मला त्यांच्या तोंडून एकदा तरी "बरोबर" ऐकायचं होतं. लावणीत ते शक्य नव्हतं, म्हणून मी सगळी भिस्त आमरीवर ठेवली होती.

पण अण्णांच्या लेखी झाडावर बसलेलं जे काही हिरवं, ते सगळं बांडगूळ. मी त्यांना कितीदा समजावलं की बांडगूळ झाडाचा रस पितं, आमरी नुसती बसते, झाडाचं काहीही घेत नाही. अण्णा म्हणाले की नुसतं बसून खाणारे त्यांनी पुष्कळ बघितलेत, पण न खाता नुसतं बसणारा अजून कुणी भेटलेला नाही. त्यावर सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. मी हसले नाही.

आमचा खरा तंटा कवळावरून होता. आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा पावसाआधी भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी हिवाळ्याअखेर ऐनाच्या पाल्याच्या फांद्या तोडून वाळवायच्या, तेच कवळ. ते शेण-गवताबरोबर पसरून, वर माती घालून पेटवायचं. हे अण्णांच्या आजोबांपासून चालत आलंय. आणि आमऱ्या बसतात त्या नेमक्या याच ऐनांवर. दर वर्षी फांद्यांबरोबर त्याही खाली यायच्या आणि राबात जळून जायच्या. हे कळलं तेव्हा माझी अन्नावरची वासना उडाली. मी अण्णांना सांगितलं की आधी मी झाडं तपासणार, मगच कोयता लागेल. अण्णा म्हणाले, "तपास."

महाडच्या बाजारातून मी तीन रंगांचे पुठ्ठे आणले, त्यांच्या चिठ्ठ्या कापल्या, प्लॅस्टिकमध्ये घालून घेतल्या, त्यावर लिहायला न पुसणारं पेन घेतलं आणि दोरे ओवले. हिरवी म्हणजे आमरी दुर्मीळ, फांदीला हात लावायचा नाही. पिवळी म्हणजे शंका आहे, फूल येईपर्यंत थांबायचं. लाल म्हणजे साधीच जात, खुशाल तोडा. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी इतक्या हिरव्या चिठ्ठ्या लावल्या की अण्णांना तोडायला फांदीच उरली नाही. त्यांनी मुकाट्याने शेजाऱ्याकडून कवळाचे भारे मागून आणले. शेजाऱ्याने विचारलं म्हणे, की तुमच्या ऐनांना काय रोग लागलाय का. अण्णांनी सांगितलं, "सून लागलीय."

महिनाभरात आणखी एक प्रकार झाला. ज्या ऐनाला मी सगळ्यात मोठी हिरवी चिठ्ठी लावली होती, त्याच्या बुंध्याशी कुणीतरी नारळ फोडला आणि हळदकुंकू वाहिलं. कुणाचा नवस होता ते कळलंच नाही. पुढच्या खेपेला तिथे अगरबत्तीच्या काड्या होत्या. अण्णांनी मला मुद्दाम त्या झाडापाशी नेलं आणि म्हणाले की फूल यायचंय अजून, पण देव येऊन गेला. त्या झाडाचं फूल पुढे आलं, ते अगदीच साधं निघालं. पण आता त्या चिठ्ठीला हात लावायची माझीही छाती झाली नाही, कारण तोवर तिथे एक तांब्याचा दिवाही आला होता.

तेव्हापासून मी चिठ्ठ्यांच्या बाबतीत कडक झाले. अण्णांना मी आमच्या लॅबचा नियमही समजावला. लावलेली चिठ्ठी, जिने लावली तिनेच काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि चूक झाली असेल तर खरवडायचं नाही, गिरवायचं नाही, एकच रेघ मारून खोडायचं आणि शेजारी सही, तारीख आणि कारण लिहायचं. अण्णांनी हे कधी नव्हे ते लक्ष देऊन ऐकलं.

"कारण बी लिवायचं?" त्यांनी विचारलं.

"लिहायचंच," मी म्हटलं. "त्याशिवाय चूक सुधारली असं धरत नाहीत."

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षं मी एकाच आमरीच्या मागे होते, ती म्हणजे सीतेची वेणी. तिचा पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा घोस खरोखरच वेणीसारखा खाली लोंबतो. फोटोत शंभरदा बघितलेली, पण माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी, आमच्या भागात, पानावरून ओळखून मग फुलताना बघायची होती. ते एकदा जमलं असतं तर ग्रुपवरच्या लोकांचं तोंड बंद झालं असतं, आणि अण्णांनाही झाडाखाली उभं करून विचारता आलं असतं, आता बोला. तिच्यासाठी मी घाटात दोनदा घसरले आणि एकदा चष्मा दरीत टाकून आले. ती काही सापडली नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अण्णा कवळ तोडायला निघाले. मी चिठ्ठ्या घेऊन पुढे. कोपऱ्यातल्या ऐनावर तोवर कोयता लागलेला नव्हता, म्हणून मी तो कधी तपासलाही नव्हता. त्याची एक जाड फांदी राबाच्या जागेवर आली होती, तिच्या सावलीने रोपं पिवळी पडत होती, म्हणून ती त्या वर्षी जायलाच हवी होती. फांदीवर एक झुबका होता. मी शिडी लावून चढले. पानं उन्हाने सुरकुतलेली, जाडसर, टोकाला खाच. मी दोन मिनिटं बघितलं आणि खाली आले. ती आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या आंब्यावर असते ती साधी, पिवळ्या बारक्या फुलांची आमरी होती. मी लाल चिठ्ठी काढली.

अण्णा शिडी धरून उभे होते. ते म्हणाले, "नक्की?"

मी म्हटलं, नक्की. ते म्हणाले, पिवळी लाव की, बघू उन्हाळ्यात काय येतंय ते. मला वाटलं, आता फांदी तोडायची वेळ आली तर यांना पिवळी सुचतेय, म्हणजे हे निव्वळ माझ्या विरुद्ध जायचं म्हणून. मी सांगितलं की शंका असेल तर पिवळी, मला शंका नाही. त्यांनी फांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिसऱ्यांदा विचारलं, "पानावरनं कळतंय ना गो सगळं?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, "अण्णा, मी रोज हेच काम करते."

"बरं," ते म्हणाले. मी लाल चिठ्ठीवर झोकात सही केली, तारीख घातली, पुन्हा चढून चिठ्ठी झुबक्याला बांधली आणि पुढच्या झाडाकडे गेले. पाठीमागे कोयत्याचे घाव ऐकू येत होते. मला बरं वाटलं, की बघा, साधी असेल तर मी लालही लावते, माझं काही वेड नाही.

मेच्या शेवटी एका शुक्रवारी अण्णांचा फोन आला. अण्णा मला फोन करत नाहीत. त्यांना काही सांगायचं असलं की ते मुलाला फोन करतात आणि तो ते मला सांगायला विसरतो. मी घाबरून विचारलं, आईंना बरं आहे ना. ते म्हणाले, बरी हाय, रविवारी ये. एवढंच.

रविवारी आम्ही गेलो. अण्णा ओटीवर बसले होते. त्यांनी नुसतं घरामागे बोट दाखवलं. मी मागे गेले. नवराही मागोमाग आला. आंब्याच्या बुंध्याला, साधारण माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, सुंभाने ऐनाच्या फांदीचा हातभर तुकडा घट्ट बांधलेला होता. त्यावर तो झुबका. आणि त्यातून हातभर लांब, गच्च भरलेला, पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेला घोस खाली लोंबत होता. शेजारी दुसरा उमलत होता. सीतेची वेणी. दोन्ही घोसांच्या मधोमध माझी लाल चिठ्ठी होती. सही अगदी स्पष्ट दिसत होती, एरवी माझी सही कुणाला वाचता येत नाही.

मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. आनंद नंतर झाला. आधी मी मनात म्हटलं, हे रोप दुसरंच कुठलं तरी आणून बांधलंय. मी गाठ बघितली. गाठ माझीच होती, लॅबमध्ये पिशव्यांना मारतो ती. मग मी पानं पुन्हा बघितली. पावसाचे दोन शिंतोडे पडून गेले होते, पानं भरली होती, आणि मधली खोल पन्हळ आणि टोकाची तिरपी खाच माझ्याच वहीत लिहिल्याबरहुकूम होती. फेब्रुवारीत मी नुसत्या सुरकुत्या बघितल्या होत्या आणि घाई केली होती. तीन वर्षं घाटात धडपडत शोधली ती माझ्याच सासरच्या बांधावर होती, आणि मी तिला स्वतःच्या हाताने राबात घातलं होतं.

अण्णा येऊन उभे राहिले. सासूबाईही हात पुसत आल्या. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"लगीन झाल्यापासनं बघतोय मी. दर साली ह्याच फांदीवर येतंय. तुझ्या सासूला पैल्यांदा मीच आणून दिलं होतं, डोक्यात माळायला."

सासूबाईंनी मान खाली घातली, पण त्यांना ते आवडलं होतं. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही. माझा आवाज चढला होता. शिडीवर होते तेव्हा एका शब्दाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

"तू इचारलंस कुठं?" अण्णा म्हणाले. "तू पान बघत होतीस."

मला लॅब आठवली. आमच्याकडे कुठलाही माल आला की तपासणीच्या आधी पुरवठादाराचा कागद बघतात. पन्नास वर्षं त्या झाडाखाली वावरलेला माणूस शिडी धरून उभा होता, तीनदा विचारत होता, आणि मी त्याचा कागद उघडूनसुद्धा बघितला नव्हता. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. अण्णांनी फांदी तोडली होती, कारण ठरल्याप्रमाणे लाल म्हणजे तोडायची. पण झुबक्याचा तुकडा राबात टाकायला त्यांचा जीव धजला नाही. रोज अंघोळीनंतर उरलेलं पाणी ते त्यावर शिंपडत होते, असं सासूबाईंनी सांगितलं.

मी चिठ्ठी सोडायला हात पुढे केला. अण्णा म्हणाले, "असं नाय. कारण लिव."

चिठ्ठ्यांचं पेन त्यांनी सदऱ्याच्या खिशात आणूनच ठेवलं होतं. मी माझ्या सहीवर एक रेघ मारली. शेजारी पुन्हा सही केली, तारीख घातली आणि लिहिलं, "पानावरून चुकले. माहीत असलेल्याला विचारलं नाही." अण्णांनी चिठ्ठी हातात घेऊन दूर धरून वाचली. "बरोबर" म्हणतील असं मला वाटलं. ते "बरं" म्हणाले.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "आणि तुमची? तुमची बी एक खोडायची ऱ्हायलीय की. सांगा तिला."

अण्णा आंब्याकडे बघायला लागले. मग सासूबाईंनीच सांगितलं. मला बघायला ते सगळे महाडला माझ्या माहेरी आले होते, त्या दिवशी मी शिफ्ट संपवून थेट आले होते. कपाळावर टोपीचा वळ, दिवसभर हातमोज्यात राहून हात पांढरे पडलेले. परत जाताना एसटीत अण्णांनी सांगितलं होतं की ही नको. या हातांनी लावणी होणार नाही, ही चिखलात पाय घालणार नाही. नाही म्हणजे नाही. मग घरी पोरगा अडून बसला. दोन दिवस जेवला नाही, म्हणून मी या घरात आले.

दहा वर्षांत हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो आंब्यावरच्या मुंग्या फार लक्षपूर्वक बघत होता. दोन दिवस न जेवलेला हा माणूस जेवण पाच मिनिटं लांबलं तरी चार वेळा स्वयंपाकघरात डोकावतो. मला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं, आणि त्यातलं आधी काय दाखवावं ते कळेना.

"हाताकडं बघून बोललो होतो," अण्णा म्हणाले. "चुकलं."

मी म्हटलं, जाऊ द्या. पण अण्णा म्हणाले, जाऊ कसं द्यायचं, नेम म्हणजे नेम. त्यांनी माझी चिठ्ठ्यांची पिशवी मागितली. ओटीवर बसून त्यांनी ती पालथी केली. एक पिवळी चिठ्ठी उचलली आणि बराच वेळ हातात धरून बसले. मी मनात म्हटलं, आता जर ही लावलीत तर पुढच्या जुलैत तुमची लावणी तुम्हीच करा. त्यांनी ती खाली ठेवली. हिरवी घेतली. आजची तारीख काय ते विचारलं, गुडघ्यावर ठेवून सावकाश काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी आतल्या खोलीत घेऊन गेले.

निघताना सासूबाईंनी तांदळाची पिशवी दिली. मोटरसायकलवर ती माझ्या मांडीवर होती. महाडला घरी येऊन पिशवी उतरवली तेव्हा तिच्या तोंडाला हिरवी चिठ्ठी बांधलेली दिसली. दोऱ्याची गाठ माझ्यासारखी मारायचा प्रयत्न केलेला होता. चिठ्ठीवर अण्णांची शाळकरी अक्षरातली पूर्ण सही होती, तारीख होती आणि खाली कारण होतं. "तपासायला दहा वर्षं लागली."